पुस्तकांची पिशवी नि फोनमधले पप्पा

सव्वादोन वर्षांनी घरी आलो. रिक्षातून दोन बॅगा उतरवल्या, अंगणात उभा राहिलो नि तोंडभर हसलो. मुलगी दारात उभी होती. चार वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी. तिने माझ्याकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं नि आत पळाली. मला वाटलं, लाजली. तेवढ्यात आतून आवाज आला, "मम्मी, पप्पांना फोन लाव. त्यांना सांग, आपल्याकडे कोणतरी आलंय."

मी तसाच अंगणात. हसू तोंडावर होतं ते उतरवायचं कसं ते कळेना.

मी टगवर कुक आहे. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी, ढकलणारी छोटी बोट. आखातात असतो. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यातली चौथी दोनदा, म्हणून कोणी विचारलं की पाच वर्षं शिकलो असं सांगतो. माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून हे मी बोललोय नि बायकोने उतरवलंय. ती बारावी आहे. जिथे जिथे माझी फजिती आहे तिथे तिचं अक्षर फार सुंदर आलंय, हे मी बघितलंय.

तर मी गेलो तेव्हा पोरगी दीड वर्षाची. माझ्या जागी कामाला जो येणार होता तो आलाच नाही, मग मुदत वाढली, परत वाढली. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की बायको तिचा फोन स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकवून उभा करायची, नि त्यात मी. पोरगी जेवायची, मधेच एक घास मला भरवायची. त्या फोनच्या काचेवर आमटी वाळून वाळून माझा चेहरा तिला कायम थोडा पिवळाच दिसला असणार. बॅटरी उतरली की माझी आई सांगायची, "आता पुरे गो. पप्पा दमले. त्यांना चार्जिंगला लाव." पोरगी स्वतः वायर जोडायची. दुपारी कोणी विचारलं, पप्पा कुठे? तर सांगायची, पप्पा चार्ज होतायत.

आता असा चार्ज होणारा बाप जिला आहे, तिच्यासमोर मिशी वाढलेला, पोट सुटलेला माणूस येऊन उभा राहिला तर तिने तरी काय करावं? फोनमध्ये मी छातीपर्यंतच असायचो. पहिले दोन दिवस ती दाराआडून माझ्या पायांकडेच बघत होती. आजीला हळूच म्हणाली, "काकांचे पाय केवढे आहेत."

काका! मी चॉकलेटं आणली होती. ती घेतली तिने, पण घेऊन थेट फोनकडे गेली नि बंद काचेला दाखवून म्हणाली, "पप्पा, एका काकांनी दिली. तुम्हाला ठेवते." बाहुली आणली होती, बटण दाबलं की गाणारी. तिला बघून पोरगी रडायला लागली, तेव्हा आईने ती कपाटावर टाकली. मांडवीच्या किनाऱ्यावर नेलं, वाळूत बसवलं, भेळ दिली. भेळ खाल्ली तिने, पण मम्मीच्या पलीकडच्या बाजूला बसून. मी जागा बदलली की तीपण बदलायची. बघणाऱ्यांना वाटलं असेल, आम्ही बायकोभोवती काहीतरी खेळ खेळतोय.

नि संध्याकाळ झाली की आणखी कठीण. दिवा लागला की ती डब्याजवळ जाऊन बसायची. "पप्पा लाव." बायको सांगायची, पप्पांना आज रेंज नाही. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी पोरगी जेवलीच नाही. फोनमधल्या माझ्यासाठी रडत होती, नि मी तिच्यापासून पाच हातांवर ताट घेऊन बसलेलो. माझाच मला हेवा वाटला. असला प्रकार दुसऱ्या कोणाचा झालेला मी ऐकला नाही.

सुट्टी होती दीड महिन्याची. बायको त्या दिवशी भांडी घासताना म्हणाली, "अहो, हसण्यावारी नेऊ नका. तुम्ही परत गेलात की परत फोनच. पुढच्या खेपेला ती सहा-सात वर्षांची असेल. तेव्हा फोनसुद्धा नको म्हणेल. मग काय?"

मी म्हटलं, "भांडी दे, मी घासतो."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पिशवी आली.

आमच्या वाडीतल्या बालवाडीत बाईंनी एक रीत काढलीय. एक कापडी पिशवी आहे, तिच्यात चित्रांची तीन पुस्तकं. ती दर सोमवारी एका घरात जाते नि शनिवारी परत येते. आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायची. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. शनिवारी घरातल्या एका मोठ्या माणसाने बालवाडीत येऊन त्यातली एक गोष्ट सांगायची. त्या आठवड्याला आमची पाळी होती. पिशवीला चिठ्ठी लावलेली, ती मी अक्षर अक्षर लावून वाचली, 'या वेळची पुस्तकं मायेची.'

मायेची म्हणजे कसली, मला कळेना. भुताची गोष्ट कळते, राजाची कळते. माया कशी काढणार चित्रात?

पहिल्या संध्याकाळी बायको वाचायला बसली, पोरगी तिच्या मांडीवर, आई भिंतीला टेकून. मी उंबरठ्यावर. जरा पुढे सरकलो की पोरगी पुस्तक मिटायची. मागे सरकलो की उघडायची. तीनदा करून बघितलं, तीनदा तसंच झालं. मग मी उंबरठ्याच्या अलीकडेच राहिलो नि लांबून मान काढून बघत बसलो. शाळेत असा कधी बसलो असतो तर आज कुठल्या कुठे असतो.

दुसऱ्या दिवशी ती बालवाडीत गेली नि मी पिशवी उघडली. एकेक पुस्तक घेऊन पडवीत बसलो. एक होतं गोधडीचं. घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या कपड्याचा तुकडा त्या गोधडीला लावलेला. दुसरं होतं अस्वलाचं. बाप-अस्वल नदीत मासे पकडतं, पिल्लू दगडावर बसून वाट बघतं. गोष्ट बरी होती, पण मासा बघून माझं डोकं फिरलं. अंग सुरमईचं, शेपटी बांगड्याची, नि राहतो नदीत! मी आईला दाखवला. आई चष्मा लावून म्हणाली, "शिळा दिसताय. डोळा बघ."

नि तिसरं पुस्तक उघडलं तर त्यात अक्षरच नाही. पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, उलटं धरून बघितलं. नुसती चित्रं. एक घर, एक बाई जेवणाची ताटं मांडतेय. दर पानाला एक ताट वाढतं, एक माणूस येऊन बसतो. शेवटी सगळे बसलेत नि एक ताट रिकामंच. मागे खिडकी, नि खिडकीत एक काळा ठिपका. माशी बसून गेली असेल म्हणून मी नखाने खरवडला. थोडा गेला, थोडा राहिला.

मग म्हटलं, बाईंना फसवलंय दुकानदाराने. पुस्तक घेऊन तसाच बालवाडीवर गेलो.

"बाई, ह्याच्यात छापायला विसरलेत."

बाईंनी पुस्तक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. न हसायला त्यांना फार कष्ट पडले, ते दिसत होतं. म्हणाल्या, "विसरले नाहीत. हे असंच आहे. चित्र बघायचं नि आपण सांगायचं."

"म्हणजे वाचायला येत नसलं तरी चालतं?"

"तेच तर."

एवढी वर्षं मला कोणी हे सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं, एक विचारू? चिठ्ठीत लिहिलंय मायेची पुस्तकं. मी तिन्ही बघितली. माया काढलेय कुठे?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही बोटीवर जेवण करता ना? तुम्हाला कोणी विचारतं, ह्यात माया कुठे घातलीय?"

"नाही बाई. मीठ कुठे घातलंय ते विचारतात."

तेव्हा मात्र त्या हसल्या. पोरं पण हसली, का ते त्यांना माहीत नव्हतं. माझी पोरगी मात्र कोपऱ्यात जाऊन दुसऱ्या पोरीच्या मागे लपली नि तिथून बघत राहिली. बघत होती, हे मी बघितलं. पळाली नाही.

येताना डोक्यात एक आलं. तिला पप्पा फोनमधलेच पाहिजेत ना? मग मी फोनमध्ये जातो.

संध्याकाळी दिवा लागल्यावर बायकोने तिचा फोन डब्याला टेकवला. मी अस्वलाचं पुस्तक शर्टात घालून मागीलदारी गेलो, काजूच्या झाडाखाली. रेंज तिथे बरी येते. फोन लावला. लागला. पोरगीने मला बघितलं नि अशी उडी मारली की डबा हलला नि मी आडवा झालो.

"पप्पा! तुम्ही चार्ज झालात?"

"झालो गो."

"पप्पा, तुमच्या मागे झाड आहे?"

हे मी ध्यानात धरलंच नव्हतं. मी म्हटलं, "आहे. टगवर लावलंय." तिने ते मान्य केलं. मी पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. पहिलं पान उलटं धरलं, दुसऱ्या पानावर अस्वलाच्या तोंडावर माझं बोट. पण माशापाशी आलो नि ती थांबली. "पप्पा, हा कुठला?"

"तूच सांग."

"सुरमय." मग लगेच, "नाय. शेपटी सुरमयची नाय."

माझी पोरगी! मला एवढा आनंद झाला की पुस्तक खाली पडलं. चौथीत दोनदा बसलेल्या माणसाच्या पोटी एवढं डोकं आलं कुठून? बायको म्हणते, आईकडून, नि ते मी इथे लिहूनच ठेवते.

दुसऱ्या दिवशी गोधडीचं पुस्तक. मी जरा अलीकडे सरकलो, विहिरीजवळ. "माझी बाय ती. जेवलीस काय? इकडे बघ, तुझ्यासाठी काय आणलंय मी." हे असं गोड आवाजात चाललेलं. नि तिकडून शेजारची काकी काजूच्या बिया वेचून चाललेली. तिने ऐकलं. विहिरीआड बसून, घरच्यांना चोरून, हा फोनवर कोणाला तरी बाय ती म्हणतोय. ती सरळ आमच्या पुढच्या दारी गेली नि आईच्या कानाला लागली. आईला आमचा बेत ठाऊक नव्हता.

आई खराटा घेऊन आली. "मेल्या! घरात बायको, पोर, नि हिते इरीच्या मागे कोणाची बाय ती करतंस? दुबईत कोण ठेवलीस?"

मी फोन तिच्याकडे वळवला. त्यात तिची नात. नात टाळ्या वाजवायला लागली. "आजी! तू पण पप्पांच्या टगवर गेलीस!"

आईचा खराटा वरच्या वर राहिला. मग तिला असं हसू फुटलं की खाली बसली. काकी झाडामागून बघत होती, तीपण आली, तीपण फोनमध्ये आली. पोरगी ओरडली, "काकी पण!"

आता एवढी माणसं टगवर, नि अर्ध्या मिनिटात आजी स्वयंपाकघरात परत. पोरगी विचारात पडली. आधी फोनच्या मागे बघितलं तिने, डब्याच्या मागे बघितलं. मग आजीला विचारलं, "आजी, टग कुठे हाय?" आमच्या आईला खोटं बोलता येत नाही, बोलली तर उचकी लागते. ती म्हणाली, "हाय हितेच. आपल्या मागीलदारी."

रात्री जेवताना पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. आज पायांकडे नव्हती बघत. मी आपला खाली मान घालून भात कालवत होतो, जसा काय गुन्हा केलाय.

गुरुवारी उरलं होतं ते बिनअक्षरांचं पुस्तक. मी आणखी अलीकडे, स्वयंपाकघराच्या भिंतीलाच टेकून कपडे धुवायच्या दगडावर बसलो. फोन लावला नि सुरू केलं. ही बघ बाई, हे पहिलं ताट, हे आजोबांचं. माझं मी सांगत होतो, कोण काय खातं, कोणाला भाजी आवडत नाही. अक्षर नसल्यावर काय सुटतो माणूस! पण पोरगीचं लक्ष नव्हतं. ती एकदा फोनकडे बघत होती, एकदा भिंतीकडे. नंतर बायकोने सांगितलं, माझा आवाज भिंतीतून आधी येत होता नि फोनमधून मागाहून. भिंत म्हणायची ताट, मग फोन म्हणायचा ताट.

शेवटच्या पानावर आलो. तिने विचारलं, "हे ताट कोणाचं?"

"माहीत नाही. रिकामंच आहे."

"खिडकीत काय आहे?"

"काय नाही. डाग आहे."

"जवळ आणा."

आणलं.

"आणखी जवळ."

आणखी आणलं, तर सगळाच काळोख. ती चिडली. "दिसत नाय!" नि स्क्रीनवरून गेली. मला नुसता डबा नि बायकोचा खांदा दिसत होता. मी 'हॅलो, हॅलो' करत बसलो.

मागचं दार करकरलं. ती दारात उभी. माझ्याकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं, फोनमध्ये तिचंच स्वयंपाकघर. काय बोलायचं? मीच पप्पा म्हणून सांगितलं नि पळाली तर?

"काका, तुम्ही पप्पांचा आवाज का काढता?"

मी म्हटलं, "जमतो काय?"

तिने विचार केला. "जमतो." मग हात पुढे केला. "पुस्तक."

मी दिलं. ती दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसली, पुस्तक मांडीवर घेतलं नि नाक लावून खिडकीत बघायला लागली. मी हललो नाही. मुंग्या पायावर चढत होत्या, त्यांना पण हाकललं नाही.

"माणूस आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"हा काय. लांबून येतोय. हे ताट त्याचं." मग बोट लावून, "याचा एक पाय नाय."

मी वाकून बघितलं. खरंच. उन्हातून वाटेने कोणतरी येत होता, मुंगीएवढा, हातात पिशवी. एक पाय मी खरवडून काढलेला.

"तो माझ्याने गेला," मी म्हटलं. "मला वाटलं माशीची घाण. नखाने खरवडलं."

ती माझ्याकडे बघायला लागली. नि मग तिला हसू आलं. हसता हसता पुस्तकावर पडली, मग माझ्या दंडावर. "पप्पा! घाण नाय! माणूस आहे तो!"

तिला कळलं नाही ती काय बोलली ते. मला कळलं. बोललो असतो तर रडलो असतो, नि पोरगीला वाटलं असतं, पायासाठी रडतायत.

फोन चालूच होता. त्यातून बायको विचारत होती, "अगो, कुठे गेलीस? आहेस काय तिकडे?" पोरगीने वाकून फोनला सांगितलं, "मम्मी, थांब जरा. पप्पांना कळत नाय, मी दाखवतेय." नि परत पहिल्या पानापासून मला शिकवायला बसली. मी पण शिकलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शाळा आवडली.

शनिवारी बालवाडीत गोष्ट सांगायला मलाच नेलं. मी पाच-सहा वाक्यं सांगितली नि चुकलो, पुढची तिनेच सांगितली. पायाचं पण सांगितलं, कोणी खरवडला ते नावानिशी. पोरं माझी नखं बघायला आली. मी बाईंना म्हटलं, भरून देतो पेनाने. बाई म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या घरातली पोरं शोधतील, पाय कुठे गेला ते."

माया कुठे काढलेय ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी बघत असतो. बायकोने त्यानंतर तालुक्याच्या वाचनालयातून तसली आणखी आणली. मी प्रत्येकात शोधतो. बहुतेक वेळा कोणतरी कोणासाठी काहीतरी धरून उभं असतं, छत्री, कंदील, नाहीतर नुसतं दार. बाकी मासे अजून चुकीचेच काढतात.

सुट्टी संपली. मी जायला निघालो तो दिवस सांगतो नि थांबतो. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा ती झोपलेली. या खेपेला रिक्षा अंगणात आली, बॅगा चढवल्या, नि पोरगीने माझा शर्ट धरला. बायको म्हणाली, "बाय, संध्याकाळी फोनवर बोलणार ना पप्पांशी?" पोरगी ओरडली, "फोनवर नको!" नि रडायला लागली. रडली म्हणजे किती, शेजारची काकी धावत आली. आईने तिला सोडवलं, तर तिने शर्टाचं बटण हातात घेऊनच सोडलं.

नि मी, तिचा बाप, रिक्षात बसून हसत होतो. थांबवता येईना. आई बाहेरून ओरडत होती, "मेल्या, पॉर रडताय नि हसतंस काय?"

वळणापर्यंत तिचा आवाज येत होता. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "काय ओ, पोरगी एवढी रडतेय नि तुम्ही खूश?"

मी म्हटलं, "पहिल्यांदाच रडली हो माझ्यासाठी."

त्याला काय कळणार? त्याने जयगडच्या फाट्यापर्यंत परत आरशात बघितलंच नाही. ते बरंच झालं, कारण तोपर्यंत माझं हसणं संपलेलं.